बाबांचं बीपी, लेकाचे मीटबॉल आणि रविवारचा खिमा

पिंपरी-चिंचवडमधल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव देत नाही, आणि पत्र मोठं होतं म्हणून थोडक्यात सांगते. घर मूळचं कोल्हापूरकडचं. सासू-सासरे, नवरा-बायको, बारा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी अशी सहा माणसं. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात आणि बाकीचे दिवस ऑफिसच्या गडबडीत जातात, त्यामुळे मटण काय ते रविवारीच. सासऱ्यांना बीपी आणि शुगर, वय सत्तर. गेल्या महिन्यात रिपोर्ट वर आले आणि डॉक्टर म्हणाले तेल-मीठ कमी करा. इकडे मुलाला व्हिडिओत बघितलेले मीटबॉल हवेत. ताईंनी दोन्ही साधायला चिकन ब्रेस्टचा खिमा आणला, त्यात कोरडे ओट्स घातले, मीठ-मसाला टाकून चांगलं मळून तासभर ठेवलं आणि तेलाचा थेंबही न लावता एअर फ्रायरमध्ये गोळे केले. चव यावी म्हणून सोबत बाटलीतला सॉस आणि भाजलेले पापड ठेवले. मुलगा म्हणाला रबराचे बॉल आहेत. सासूबाई म्हणाल्या, आजाऱ्याचं जेवण सगळ्या घराला कशाला. बाबा दोन गोळे खाऊन काही न बोलता उठले आणि रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभं राहून डब्यातलं फरसाण खाताना दिसले. आता पुढच्या रविवारी नणंद आणि तिचा नवरा जेवायला येणारेत. ताई विचारतात, हेल्दी आणि चविष्ट असे खिम्याचे गोळे होतात का, की बाबांसाठी वेगळं काहीतरी करू? "माझं हेल्दी म्हणजे बेचव असं घरात ठरूनच गेलंय," हे त्यांचं शेवटचं वाक्य.

ताई, आधी त्या फरसाणाबद्दल बोलू, कारण मला तुमच्या अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

रविवारचं मटण ज्या माणसाने आयुष्यभर खाल्लं त्याला दोन कोरडे गोळे देऊन उठवलं तर तो साडेदहाला डबा उघडणारच, त्यात नवल काही नाही. आणि फरसाण म्हणजे काय तर तेलात तळलेलं बेसन आणि वर मीठ. तुम्ही गोळ्यांतलं तेल शून्यावर आणलंत पण त्या रात्री बाबांच्या पोटात जे गेलं त्यात हा डबासुद्धा धरायला हवा ना? मी तुम्हाला बोल लावत नाहीये. एवढंच म्हणतेय की जेवण हेल्दी झालं का हे ताट वाढताना ठरत नाही, माणूस झोपायला जाईपर्यंत काय काय खातो ते बघावं लागतं. पोट आणि मन भरलं नाही तर ते जेवण कागदावरच हेल्दी.

आता तुम्ही धरून चाललायत त्या दोन-तीन गोष्टी जरा तपासू.

पहिली म्हणजे तेल हाच शत्रू. डॉक्टर "तेल-मीठ" म्हणाले, तुम्ही तेल ऐकलंत. पण बीपीसाठी मीठ जास्त महत्त्वाचं, आणि तुमच्या त्या ताटात मीठ कुठेकुठे होतं बघा, गोळ्यात होतं, सॉसमध्ये होतं, पापडात तर मीठ आणि पापडखार दोन्ही, आणि नंतर फरसाण. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रामपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट छोटा चमचासुद्धा पूर्ण नाही, आणि त्यात सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या लोणच्यापर्यंत सगळं आलं. अजून एक, तुमच्याकडचा कांदा-लसूण मसाला. तो टिकावा म्हणून त्यात मीठ घातलेलंच असतं, आणि आपण मसाला घालून वर नेहमीच्या अंदाजाने परत मीठ घालतो. तेव्हा मसाला आधी, चव बघून मीठ नंतर.

आणि फॅटचंच म्हणाल तर तुमच्या नेहमीच्या रविवारच्या रश्शात मला गोळ्यांपेक्षा वाटणाची जास्त काळजी वाटते. १०० ग्राम सुक्या खोबऱ्यात साधारण ६५ ग्राम फॅट असतं, म्हणजे जवळजवळ साडेचार मोठे चमचे तेल, आणि त्यातलं बहुतेक सॅच्युरेटेड, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारं. आपण गोळा तळायचा का यावर घरात तासभर वाद घालतो आणि मिक्सरमध्ये खोबरं वाटीच्या मापाने टाकतो. आता पांढऱ्या रश्शातून नारळ काढा असं मी सांगितलं तर कोल्हापुरात मला पाय ठेवू देणार नाहीत, म्हणून ते मी सांगतही नाही. पण तांबड्या रश्शाच्या वाटणात खोबरं निम्मं करून त्याजागी कांदा जास्त भाजून घाला, एखादा चमचा तीळ आणि दाटपणाला थोडं फुटाण्याचं डाळं घाला, कोणाला कळणारही नाही. सासूबाईंना कळेल, पण त्यांच्याबद्दल पुढे बोलते.

दुसरी गोष्ट, चिकन म्हणजे हेल्दी आणि मटण म्हणजे वाईट. बोकडाचं साफ केलेलं मटण मुळात बऱ्यापैकी कमी चरबीचं असतं, कच्च्या १०० ग्रामला साधारण २-३ ग्राम फॅट, म्हणजे तुमच्या चिकन ब्रेस्टच्याच आसपास. खिम्यात जी चरबी येते ती बहुतेक दुकानात वजन भरायला घातलेली असते. आणि प्रमाण बघा. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड म्हणतो की लाल मांस आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रामच्या वर नको. तुम्ही आठ जणांना एक किलो खिमा आणलात तर माणशी १२५ ग्राम कच्चा, शिजून ९० ग्रामच्या आसपास, आणि तेही आठवड्यातून एकदाच कारण तुमच्याकडे वार पाळतात. म्हणजे मटणाच्या बाबतीत तुमचं घर आधीच मापात आहे. (बाबांच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा, वाढलेलं असेल तर मात्र प्रोटीन किती हे डॉक्टरांना विचाराच, तिथे माझा सल्ला चालायचा नाही.)

म्हणून माझं मत सरळ आहे, मटणाचेच गोळे करा. खांद्याचं किंवा मांडीचं मटण घ्या, पांढरी चरबी बरीचशी काढायला सांगा पण सगळी नको, थोडी राहिली की गोळा मऊ होतो. तुकडे धुऊन, निथळून मग समोर मशीनमध्ये घालायला सांगा, दोनदा काढलेला बारीक खिमा गोळ्यांना बरा. घरी आणल्यावर खिमा चाळणीत धुवायची सवय अनेकींना आहे, त्याने खिमा पाणी पितो आणि गोळे रश्शात फुटतात, शिवाय कच्च्या मांसाचे शिंतोडे सिंकभर उडतात ते वेगळंच. चिकनचेच हवे असतील तर ब्रेस्टऐवजी लेगपीसचं, कातडी काढलेलं बोनलेस घ्या.

आता रबर का झालं ते. तुम्ही मीठ घालून मळलंत आणि तासभर ठेवलंत. मिठाने मांसातलं प्रोटीन सुटतं, चिकट होतं आणि शिजताना घट्ट जाळं धरतं. सीख कबाब सळईला चिकटून राहायला हा चिकटपणा लागतोच, पण गोळ्याला तो मारक. त्यात ओट्स कोरडे, त्यांनी होतं ते पाणीही शोषून घेतलं, ब्रेस्टमध्ये चरबी नावाला, आणि एअर फ्रायर म्हणजे गरम हवेचा झोत. कोरडं होणारच होतं ओ, तुमच्या हाताचा दोष नाही.

खिमा मऊ राहायला त्यात काहीतरी भिजवलेलं, पिठूळ लागतं, ते पाणी धरून ठेवतं आणि प्रोटीनला आवळू देत नाही. एक किलोला वाटीभर ओट्स पाऊण वाटी दुधात दहा मिनिटं भिजवून लगदा करा, किंवा दोन पाव दुधात कुस्करून, किंवा भिजवलेले जाडे पोहे हाताने मोडून. आणि कोल्हापूरकडचं आहात तर डाळ्याचं पीठ दोन-तीन चमचे, त्याचा खमंगपणा दुसऱ्या कशाला नाही. एक अंडं. कांदा अगदी बारीक चिरून, आलं-लसूण, भरपूर कोथिंबीर, थोडा पुदिना. भाजी घालायची तर दुधी किंवा गाजर किसून, घट्ट पिळून, पण किलोला पाव किलोच्या वर नको, नाहीतर गोळा बसत नाही. हे सगळं बोटांनी हलकं एकत्र करा, कणकेसारखं मळू नका, आणि मीठ अगदी शेवटी, गोळे वळायच्या आधी. दीड सपाट छोटा चमचा पुरे. रश्शात अजून एक. आठ जणांत वाटलं तर माणशी दोन ग्रामच्या आत येतं, मसाल्यातलं थोडं वर धरा. कमी वाटलं तर ताटात लिंबू पिळा, आंबटपणाने मिठाची कसर बरीच भरून निघते. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते बाबांसाठी परस्पर आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते महागात पडू शकतं, आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सगळे गोळे वळण्याआधी एक छोटा गोळा तव्यावर चपटा करून भाजून खाऊन बघा. कच्चा खिमा चाखायचा नाही, पण चव न बघता चाळीस गोळे वळणं म्हणजेसुद्धा धाडसच. लिंबाएवढे वळलेत तर चाळीसच्या आसपास होतात, माणशी पाच.

शिजवायचं कसं यावर मला मुलाचा आणि सासूबाईंचा दोघांचाही हट्ट पुरवावासा वाटतो, कारण मिश्रण एकच आहे. निम्मे गोळे कच्चेच रश्शात सोडा, ही आपल्याकडची जुनी पद्धत आणि यात तळणं मुळातच नाही. रस्सा आधी नीट उकळू द्या, मग आच मध्यम करा आणि पातेल्याच्या कडेने एकेक गोळा अलगद सरकवा. पुढची सहा-सात मिनिटं पळी लावायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी नाही! दोन फडक्यांनी पातेलं धरून नुसतं गोल हलवायचं. वरून करडे झाले, टणक झाले की मग पळी चालेल. पंधरा-अठरा मिनिटांत होतात, तरी एक फोडून बघा, आत गुलाबी दिसायला नको आणि रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर मटणाला ७१ आणि चिकनला ७४ डिग्री. खिम्याच्या बाबतीत हे पाळायचंच, कारण अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात.

रस्सा झाल्यावर दहा मिनिटं न हलवता ठेवा, तर्री वर येईल. ती पळीने वेगळ्या वाटीत काढा आणि टेबलावर ठेवा, ज्याला हवी तो वरून घेईल. नणंदेच्या नवऱ्याला हवीच असणार. एका पातेल्यात सगळ्यांचं होतं आणि बाबांना वेगळं वाढलंय असं कुठे दिसत नाही.

उरलेल्या निम्म्यांना तिखट कमी ठेवा आणि अप्पेपात्रात करा. एअर फ्रायर असताना अप्पेपात्र कशाला म्हणाल, तर प्रत्येक खळग्यात अर्धा लहान चमचा तेल पुरतं, गोळा गोलच राहतो, बाहेरून छान लाल होतो आणि झाकण ठेवलं की आत वाफ धरतो. एअर फ्रायरच वापरायचा तर ब्रशने तेल लावा, १८० डिग्रीला आठ-दहा मिनिटं, म्हणजे थोडे कच्चेच काढून सॉसमध्ये पूर्ण शिजवायचे. सॉस घरचा, लसूण, पिकलेले टोमॅटो, दोन चमचे तेल, मिरपूड, बास. झाले मुलाचे मीटबॉल. स्पॅगेटीवर घालून मागेल तो, घाला की. गंमत म्हणजे इटलीत असे गोळे बहुतेक ठिकाणी नुसतेच खातात, स्पॅगेटीवरची ती जोडी अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांनी रूढ केली, म्हणजे तिथेही कोणाची तरी सासू बोललीच असेल.

तळायचेच झाले तर? महिन्यातून एकदा पाहुणे आलेत आणि तळलेत तर आभाळ कोसळत नाही. तेल नीट तापलेलं हवं, कोमट तेलात गोळा तेल पितो, आणि तेच तेल पुढच्या आठवड्यात परत तळणीला नको. पण खरं सांगू, रश्शातले गोळे मऊ असतात, मला तळण्याची गरजच दिसत नाही.

मग बाबांसाठी वेगळं करायचं का? नाही, हे मी ठामपणे सांगते. स्वतःच्या घरात, मुलगी-जावई जेवायला बसलेत आणि यजमान वेगळी वाटी घेऊन बसलेत, हे चित्र त्यांना गोळीपेक्षा कडू लागेल. त्याच पातेल्यातले पाच गोळे, तर्री काढलेला रस्सा, एक-दीड ज्वारीची भाकरी आणि काकडी-कांद्याची भरपूर कोशिंबीर. भाकरी शुगरला चालते म्हणून तीन खायच्या असं नाही, ज्वारीतही पिष्ट आहेच, तेव्हा संख्या मोजा आणि त्यावर भात नको किंवा अगदी मूठभर. पापड आणि लोणचं टेबलावर आणूच नका, कोणालाच. समोर नसेल तर कोणी मागत नाही, हे बघा तुम्ही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते. तुमच्या पत्रात सगळे बोलतायत, मुलगा, सासूबाई, डॉक्टर. बाबांचं एकही वाक्य नाही. आजार त्यांचा, पण त्यांनी काय खायचं हे तुम्ही ठरवताय आणि ते जमलं नाही की ऐकूनही तुम्हीच घेताय. एकदा चहा घेताना त्यांनाच विचारा, बाबा, रविवारी काय सोडलेलं चालेल, तर्री, भात की पापड? एक निवडायला सांगा. स्वतः सोडलेलं माणूस जास्त दिवस सोडतो. आणि मटण आणायला त्यांना पाठवा, किंवा नवऱ्यासोबत जाऊ द्या. कोल्हापूरकडच्या सत्तरीच्या माणसाला मटणातलं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, खाटकाला कुठलं काप आणि चरबी किती ठेव हे ते बरोबर सांगतील. तेवढंच चालणं होईल.

फरसाणाचा डबा लपवू नका, त्याने चोरी वाढते. किलोवर आणायचं बंद करा, डब्यात बिनमिठाचे फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे ठेवा, आणि त्या रात्रीचा विषय काढू नका.

सासूबाईंचं "आजाऱ्याचं जेवण" तुम्हाला लागलं, लागणारच. पण त्यांचं म्हणणं चवीबद्दल होतं आणि चवीबद्दल त्या बरोबरच होत्या की. वाटण त्यांच्याकडे द्या. खोबरं निम्मं करायचंय, दाटपणा कशाने आणू, असा स्वयंपाकातला प्रश्न म्हणून विचारा, पथ्य म्हणून नको. त्या डाळं म्हणतील किंवा खसखस म्हणतील, काहीही म्हणाल्या तरी रस्सा त्यांचा होईल आणि मग त्यावर टीका करायला घरात कोणी उरणार नाही. आणि वाढताना "हेल्दी" हा शब्द तोंडातून काढू नका. खिम्याचे गोळे आणि भाकरी आहे, एवढंच म्हणा.

तयारीचं म्हणाल तर शनिवारी तुमच्याकडे मटण आणत नसतील म्हणून शनिवारी फक्त वाटण आणि टोमॅटोचा सॉस करून फ्रीजमध्ये ठेवा. रविवारी सकाळी खिमा आला की लगेच फ्रीजमध्ये, ओट्यावर पडून राहायला नको. मिश्रण दुपारनंतर बिनमिठाचं करून झाकून परत फ्रीजमध्ये, जेवणाच्या तासभर आधी रस्सा चढवा आणि तेव्हाच मीठ घालून गोळे वळा, मीठ शेवटी हे विसरू नका. ज्यांच्याकडे मटण चालत नाही त्यांनी हाच हिशोब हरभरा डाळीच्या गोळ्यांच्या आमटीला लावला तरी चालेल, तिथेही गोळे कच्चेच उकळत्या आमटीत जातात आणि खोबऱ्याचं, मिठाचं गणित तेच.

उरलेले गोळे सोमवारी तुमच्याकडे कोणी खाणार नाही. शिजवलेले गोळे फ्रीजमध्ये तीन दिवस सहज राहतात, तेव्हा रविवारी रात्री जेवणं झाली की गार करून लगेच डब्यात भरा. मंगळवारी परत उकळी आणून चपातीत गुंडाळून मुलाच्या डब्यात, आणि शाळेत नॉनव्हेज चालत नसेल तर नवऱ्याच्या.